कंपनीच्या नावामागचं 'लिमिटेड'

कंपनी काढायची म्हटलं की आज पहिला फोन सीएला जातो. पण सरकारदरबारी कंपनी नोंदवायची रीत आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांची आहे. १८५० च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयांत ही नोंद होऊ लागली. मात्र धंदा बुडाला तर भागधारकाच्या घरादारावर टाच येण्याची भीती तशीच राहिली. ती १८५७ च्या कायद्याने घालवली: जेवढ्याचा शेअर, तेवढीच जबाबदारी. उधार देणाऱ्याला हे आधीच कळावं म्हणून नावापुढे 'लिमिटेड' आलं. बँकांना ही सवलत मिळायला १८६० उजाडलं.

पुढची पाच वर्षं मुंबई विसरू शकत नाही. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस येईनासा झाला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि बँका, समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्या धडाधड निघाल्या. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भराव घालणाऱ्या बॅक बे कंपनीचे शेअर कोसळले. नोंदणी म्हणजे सरकारची हमी नव्हे, हे शहराने तेव्हा फार मोठी किंमत देऊन शिकून घेतलं. आजही 'रजिस्टर्ड आहे' एवढ्यावर विश्वास ठेवून लोक पैसे गुंतवतात, तेव्हा जीव तुटतो.

'प्रायव्हेट' कंपनी आली १९१३ च्या कायद्यात: किमान दोन, कमाल पन्नास सभासद. १९५६ चा कायदा तर अर्धशतकाहून जास्त चालला. त्या काळात प्रत्येक संस्थापक मेमोरँडमच्या, म्हणजे कंपनीच्या स्थापनापत्राच्या, शेवटच्या पानावर नाव, पत्ता आणि व्यवसाय स्वतःच्या हाताने लिहायचा, शेजारी साक्षीदाराची सही. मग ती कागदपत्रं मरीन ड्राइव्हवरच्या 'एव्हरेस्ट' इमारतीत, कंपनी रजिस्ट्रारच्या कचेरीत जायची.

२००६ पासून हे काम ऑनलाइन होऊ लागलं. २०१३ च्या कायद्याने एकट्या माणसालाही कंपनी काढू दिली, २०१५ मध्ये एक लाखाच्या किमान भांडवलाची अट गेली, आणि २०२० च्या 'स्पाइस प्लस' या ऑनलाइन नोंदणी अर्जात पॅन, टॅन (करकपातीसाठीचा क्रमांक), पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा) यांची नोंदणी एकत्र आली. महाराष्ट्रात व्यवसाय कराची नोंदणीही त्यातच होते.

नोंदणीनंतर मिळणारा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, अक्षरं-आकडे मिळून एकवीस खुणांचा असतो. पहिलं अक्षर 'एल' असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, 'यू' असेल तर नाही. मध्ये 'एमएच' म्हणजे महाराष्ट्र, त्याच्यापुढचे चार आकडे म्हणजे स्थापनेचं वर्ष.