वाड्यात गावाचं संग्रहालय काढायचंय? आधी हे कागद जुळवा

संग्रहालयासाठी वेगळा असा परवाना नसतो. संस्था, जागा आणि वस्तू या तिन्हींचे कागद मात्र वेगवेगळ्या कार्यालयांतून करावे लागतात, आणि गाडी बहुतेकदा जागेपाशीच अडते.

संस्था सोपी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात अर्ज करायचा. न्यासपत्र (ट्रस्ट डीड), विश्वस्तांची संमतीपत्रं व ओळखपत्रं, प्रतिज्ञापत्र आणि कार्यालयाच्या जागेसाठी मालकाचं ना हरकत पत्र लागतं. न्यास स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज गेला पाहिजे. न्यासाऐवजी नोंदणीकृत सोसायटी करायची तर किमान सात सभासद हवेत.

आता वाडा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, म्हणजे घराच्या कर आकारणीची नोंद, काढा. गावठाणाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकाही. नाव अजून पणजोबांचंच निघालं तर आधी वारसनोंद. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या घ्या, लग्न होऊन गेलेल्या बहिणी-आत्यांच्यासुद्धा. एका काकांच्या तोंडी होकारावर दुरुस्तीला पैसे घालू नयेत. वापराचा करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. वाडा ग्रामपंचायतीच्या मालकीचा असेल तर ठराव लागेल. राज्य संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या परवानगीशिवाय खिळाही ठोकू नका. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत वाडा असेल तर नवं बांधकाम विसरा. दुरुस्तीलाही परवानगी लागते.

वस्तूंमध्ये जातं, कणगी, मापटं यांना काही अडचण नाही. पण शंभर वर्षांहून जुनी दगडी, धातूची किंवा लाकडी मूर्ती १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे फोटोंसह नोंदवावी लागते. साध्या मोडी दप्तराला ही नोंदणी नाही. मारुतीच्या देवळामागची वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराची कोरीव शिळा) ट्रॅक्टरमध्ये घालून आणायचा मोह आवरा. पुरातत्त्व विभागाला आधी कळवा. नांगरताना नाण्यांचं गाडगं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं की कळवायचं, ही मर्यादा १८७८ च्या कायद्यातली, आजही तीच!

गावकरी वस्तू देतात तेव्हा कागद कुणी मागत नाही. तरी दानपत्र कराच: वस्तू, देणाऱ्याचं नाव, तारीख, दान की ठेव, दोन साक्षीदार. तोच क्रमांक नोंदवहीत आणि वस्तूवर. पुढच्या पिढीतला कुणी "आमची समई परत द्या" म्हणत आला, की हाच कागद कामी येतो.

केंद्राच्या संग्रहालय अनुदान योजनेत नोंदणीकृत न्यासांनाही अर्ज करता येतो. मात्र खर्चातला काही वाटा संस्थेला स्वतः उभा करावा लागतो, म्हणून देणगीदारांना करसवलत मिळवून देणारी प्राप्तिकराची ८०जी मान्यता आधीच घेऊन ठेवा.