रिपोर्टवर ‘पाणी जास्त’ आलंय? घरी जाण्याआधी हे वाचा

आमच्या सोनोग्राफी सेंटरमधून रिपोर्ट हातात पडला की आधी नजर जाते एएफआयच्या, म्हणजे गर्भपिशवीत बाळाभोवती असलेल्या पाण्याच्या मापाच्या, आकड्यावर, आणि तिथे 26 दिसलं की लगेच घरी फोन, मग सासूबाई नाहीतर शेजारच्या काकू काळजीपोटी सांगतात, पाणी जास्त झालंय ना, मग आता पाणी कमी पी. ताई, हे कृपा करून करू नका. पोटातलं पाणी म्हणजे तुम्ही प्यायलेला तांब्या नाही. पाचव्या महिन्यापासून पुढे ते मुख्यतः बाळाच्या लघवीचं असतं, बाळ तेच गिळतं, परत लघवी करतं, असं चक्र चालू असतं. लघवी वाढली किंवा गिळणं कमी पडलं की पाणी साठतं. तुम्ही पाणी तोडलंत तर फक्त तुम्हाला चक्कर येईल आणि उन्हाळी लागेल.

आता तो आकडा. बेंबीपासून पोटाचे चार भाग धरतात, प्रत्येक भागात प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं सोनोग्राफीचं यंत्र, सरळ उभा धरून पाण्याचा सगळ्यात खोल कप्पा मोजतात, मध्ये नाळ किंवा बाळाचा हातपाय नको. समजा 6.5, 7, 6 आणि 6.5 सेंटीमीटर आलं तर बेरीज 26. साधारण 25 च्या पुढे जास्त म्हणतात, काही डॉक्टर एकच मोठा कप्पा बघतात, तो 8 किंवा वर असला तर जास्त. बाळ मध्येच वळलं तरी आकडा थोडा हलतो, म्हणून एका सेंटीमीटरच्या फरकावरून रात्रभर जागू नका.

25 ते 30 म्हणजे थोडंच जास्त, आणि यात बऱ्याचदा कारणच सापडत नाही, बाळही छान असतं, नुसतं मधूनमधून सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात. पण शुगर मात्र तपासाच. आईची साखर वाढली की बाळाचीही वाढते आणि ते जास्त लघवी करतं. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात, दोन तासांनी रक्त घेतात, 140 किंवा त्यापुढे आलं तर डॉक्टर आहार आणि गरज पडली तर औषध सांगतात. आधी केलेली नॉर्मल होती म्हणून परत करायची टाळू नका.

पाणी खूपच जास्त असेल, जुळं असेल किंवा बाळाच्या अन्ननलिकेत, आतड्यात अडथळ्याची शंका असेल तर डॉक्टर मोठ्या सेंटरला पाठवतात. अन्ननलिकेचा दोष सोनोग्राफीत प्रत्येक वेळी दिसतोच असं नाही, म्हणून बाळंतपणाच्या वेळी बाळाच्या डॉक्टरांना पाणी जास्त होतं हे आठवणीने सांगा, पहिलं दूध पाजायच्या आधी.

आडवं झाल्यावर दम लागतोय, पोट एका आठवड्यात एकदम ताणलंय, दिवस भरायच्या आधीच कळा येतायत, अंगावर रक्त जातंय किंवा बाळाची हालचाल कमी वाटतेय तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि अचानक भसकन पाणी गेलं तर साडी बदलू, बॅग भरू यात वेळ घालवायचा नाही, कारण जास्त पाण्यात बाळ बऱ्याचदा पायाळू किंवा आडवं असतं आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ खाली घसरू शकते. चालू नका, डाव्या कुशीवर आडव्या व्हा, कमरेखाली दोन उशा द्या, घरच्यांना 108 लावायला सांगा.

पुढच्या वेळी येताना जुने सगळे रिपोर्ट आणा, अगदी तिसऱ्या महिन्याचासुद्धा, पाणी कधीपासून वाढतंय ते त्यावरूनच कळतं.