म्हातारा संघ वेगळा, म्हाताऱ्यांवर विसंबलेला संघ वेगळा

फुटबॉलमधला विजेता संघ लागोपाठ दोन सामने हरला की आपल्याकडे निदान तयार असतं: ‘म्हातारे झाले सगळे, काढा आता!’ या वाक्यात दोन निरनिराळे आजार एकाच नावाखाली खपतात. संघाचं वय वाढणं हा एक. एका-दोघांवाचून संघाचं पान न हलणं हा दुसरा. पहिला जन्मतारखांवरून कळतो. दुसऱ्यासाठी सामना बघावा लागतो, तोही चेंडूवरची नजर काढून.

गोव्यातलंच उदाहरण घेऊ. 2011-12 मध्ये धेंपो क्लबने आय-लीग, म्हणजे देशातली तेव्हाची अव्वल लीग, जिंकली. त्याआधीची राष्ट्रीय लीग धरून ते त्यांचं पाचवं विजेतेपद. क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक ही मंडळी तेव्हा तिशी ओलांडून गेली होती. पुढे क्लबची घसरण झाली, 2014-15 च्या मोसमात तो तळाला जाऊन खालच्या विभागात पडला, आणि लोकांनी बिल वयाच्या नावावर फाडलं. पण त्या विजेत्या मोसमात गोल कोणी केले होते? रँटी मार्टिन्सने, तब्बल 32. तो होता पंचविशीतला! मोसम संपताच तो कोलकात्याला प्रयाग युनायटेडकडे गेला, वर्षभराने प्रशिक्षक आर्मांदो कुलासोही गेले. म्हणजे वय बचावात आणि मधल्या फळीत होतं, भार मात्र पुढच्या एका तरण्या पोरावर होता. घसरणीला इतरही कारणं होती, ते मान्य. तरी ‘म्हातारे झाले’ एवढ्याने हिशेब मिटत नाही.

आता उलट बाजू. स्ट्रायकर फेर्रान कोरोमिनास 2017 मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाकडे आला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. तीन मोसमांत त्याने अनुक्रमे 18, 16 आणि 14 गोल केले, आणि तिसऱ्या मोसमात संघाने साखळी फेरीत पहिला येऊन लीग शील्ड पटकावली. कोरो गेल्यावर आता काय, असा घोर सगळ्यांना लागला होता. त्याच्या जागी आला इगोर आंगुलो, वय 36. त्यानेही 14 गोल करून सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट घेतला आणि संघ उपांत्य फेरीत मुंबईकडून पेनल्टीवर हरला. याचा अर्थ गोलसमोर चेंडू पोचवणारी व्यवस्था शाबूत होती. शेवटचा पाय कोणाचा, हे बदलता येत होतं. याला मी म्हाताऱ्यावर विसंबणं म्हणणार नाही. मात्र पुढच्या मोसमात आंगुलोही मुंबईला गेला आणि गोवा नवव्या क्रमांकावर घसरला. तेव्हा ध्यानात आलं की संघ एका माणसावर नसला तरी ‘दरवर्षी एक तयार स्पॅनिश स्ट्रायकर मिळेलच’ या भरवशावर होताच. असा भरवसा कुठल्याही वयपत्रकात दिसत नाही.

अर्जेंटिनाचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे. 2022 च्या विश्वचषकात पस्तिशीच्या मेस्सीने सात गोल केले, त्यांतले चार पेनल्टीवर. गोलांपुरता संघ त्याच्यावर विसंबून होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच्या वाटची धावपळ बाकीचे करत होते: दे पॉल, विशीतले एन्झो फर्नांडिस आणि हुलियान आल्वारेस. मग 2024 च्या कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात 66 व्या मिनिटाला मेस्सी जखमी होऊन बाहेर गेला, बाकावर बसून रडला. संघ कोसळला नाही. 112 व्या मिनिटाला लाउतारो मार्टिनेसने गोल केला आणि कप राखला. दोन वर्षांत मेस्सीचं वय वाढलं आणि संघाचं त्याच्यावर विसंबणं कमी झालं. दोन्ही काटे एकाच दिशेने फिरतात असं नाही.

आपल्या राष्ट्रीय संघात मात्र दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकवटल्या. दक्षिण आशियाई देशांची 2023 ची सॅफ स्पर्धा भारताने जिंकली, त्यात सुनील छेत्रीचे पाच गोल होते. तेव्हा तो 38 वर्षांचा होता. जून 2024 मध्ये तो निवृत्त झाला. मार्च 2025 मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याला परत बोलावलं. बोलावणारे मानोलो मार्केझ तेव्हा एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते. पुढे त्यांच्यानंतरच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, ऑक्टोबरमध्ये फातोर्ड्यावर सिंगापूरने आपल्याला 2-1 हरवलं आणि आशियाई कपचं दार बंद झालं. छेत्रीवर राग काढणाऱ्यांची मला गंमत वाटते. चाळिशीचा माणूस खेळत होता हा त्याचा दोष कसा? मधल्या वर्षांत त्याची जागा घेणारा नऊ नंबर, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, घडलाच नाही; आपल्या क्लबांत ती जागा बहुतेक परदेशी खेळाडूंकडे असते.

मग ओळखायचं कसं? वय पायांत दिसतं. चेंडू हरवल्यावर कोण परत धावतो, साठाव्या मिनिटानंतर दोन फळ्यांमधलं अंतर किती वाढतं, ते बघा. विसंबणं इतरांच्या डोळ्यांत दिसतं. पास देण्याआधी खेळाडू मोकळी जागा शोधतो, की आधी ‘तो’ कुठे आहे ते शोधतो? तो बाहेर गेल्यावर फ्री किक कोण घेतो, की त्यावरून मैदानातच चर्चा सुरू होते?