पाँटून बोटीखालचा पत्रा म्हणजे जलरोधक थर नव्हे

पाँटून बोटीच्या, म्हणजे धातूच्या पोकळ नळ्यांवर तरंगणाऱ्या सपाट डेकच्या बोटीच्या, तळाशी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसवायचा विषय निघाला की, ‘पत्रा लावला म्हणजे डेकचे प्लायवूड कुजणार नाही’ हे वाक्य हमखास कानी पडते. या समजुतीपायी लोक पैसे आणि श्रम खर्च करतात, आणि दोन-तीन मोसमांनी फळी पायाखाली दबू लागली की पत्र्याला दोष देतात. अंडरस्किन, म्हणजे तळाचा पत्रा, आणि डेकचे जलरोधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीने दुसरीचे काम होत नाही.

जलरोधन बहुतेकांना ठाऊक असते. प्लायवूडच्या कडा आणि स्क्रूची छिद्रे इपॉक्सीने किंवा योग्य सीलंटने बंद करणे, सांधे भरणे, वर व्हिनाइलचे आच्छादन चिकटवणे, एवढ्यात ते आटोपते. एकच आग्रह धरतो: मरीन प्लायवूड म्हणजे न कुजणारे प्लायवूड असे समजू नये. त्याचा गोंद पाण्याने सुटत नाही आणि त्याच्या थरांत पोकळ्या कमी असतात. परंतु बुरशीपासून संरक्षण हवे असेल तर लाकडावर त्यासाठीची रासायनिक प्रक्रिया झालेली असावी लागते.

खरा घोटाळा पत्रा नेमका कुठे बसतो, या प्रश्नाभोवती आहे. पाँटूनच्या दोन नळ्यांना जोडणारे अ‍ॅल्युमिनियमचे आडवे चॅनल असतात आणि त्यांच्या वरच्या अंगावर प्लायवूड बोल्टने आवळलेले असते. अंडरस्किन बसते ती याच चॅनलच्या खालच्या अंगाला. म्हणजे फळी आणि पत्रा यांच्यामध्ये चॅनलच्या उंचीइतकी पोकळी उरते, आणि पत्रा फळीला कुठेही टेकत नाही. फळी कुजवणारे पाणी बहुधा वरून येते: पाऊस, धुण्याचे पाणी, दिवसेंदिवस ओला राहणारा गालिचा आणि बोल्टच्या छिद्रांतून हळूहळू झिरपणारी ओल. खालचा पत्रा यांपैकी काहीही अडवू शकत नाही. उलट, फळीची खालची बाजू पूर्वी मोकळ्या हवेवर वाळत असे. पत्र्याने ती हवा कमी होते, आणि वरून झिरपलेले पाणी पत्र्यावर साचून राहिले तर कुजण्याला मदतच होते.

मग पत्रा लावायचा कशासाठी? बोट वेगात असताना नळ्यांवरून उसळणारे तुषार आणि मधून वर येणाऱ्या लाटा प्रत्येक आडव्या चॅनलवर जाऊन आदळतात. असा प्रत्येक चॅनल म्हणजे प्रवाहाला आडवी धरलेली पट्टी असते. हा अवरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की अवरोध सुमारे चौपट होतो. गुळगुळीत पत्र्याखालून पाणी विनाअडथळा मागे सरकते, बोट हलकी धावते आणि खालचा धडधडाटही कमी होतो. म्हणून संथ विहारासाठीच वापरल्या जाणाऱ्या बोटीला हा पत्रा लावण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही.

हे एकदा समजले की बसवण्याचे नियम आपोआप सुचतात. पत्रे कौलांप्रमाणे एकमेकांवर चढवावेत. बोटीचे पुढचे टोक हे आढे मानावे आणि मागचे टोक ही वळचण. काम मागून सुरू करावे आणि पुढच्या पत्र्याची मागची कड मागच्या पत्र्याच्या खालून यावी, म्हणजे धावत्या पाण्याला आत शिरायला फट सापडत नाही. सर्वांत पुढची कड पक्की बंद असावी, नाहीतर पाणी आत शिरून पत्रा उखडते. मागची कड मात्र मोकळी ठेवावी, किंवा निचऱ्याला छिद्रे पाडावीत. जलरोधनाच्या कल्पनेने भारलेले लोक चारही कडा सीलंटने बंद करतात. ही चूक पाहून मला मनापासून वाईट वाटते. पोकळीत फोम भरणे त्याहून वाईट, कारण फोम ओल धरून ठेवतो.

धातूच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. 5052 जातीचा, साधारण 1 मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा आणि सांध्यात विलगक मलम, म्हणजे दोन धातूंचा थेट संपर्क टाळणारे मलम, लावलेले स्टेनलेस स्क्रू घ्यावेत. रिव्हेट स्वस्त पडतात, पण पोकळीतून वायरी आणि इंधनाची नळी जात असेल तर पत्रा पुन्हा काढता आला पाहिजे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, आणि नळी गळली तर ती याच पोकळीत साठेल; म्हणून नळीची तपासणी पत्रा चढवण्याआधीच करावी.

काही जण चॅनलखाली न लावता तोच पत्रा थेट प्लायवूडच्या पोटाला ठोकतात. त्याने चॅनल उघडेच राहतात, म्हणजे वेगाचा फायदा नाही. आणि फळीवर तांबेयुक्त प्रक्रिया झालेली असेल तर ओलीत ते तांबे अ‍ॅल्युमिनियमला खाऊ लागते. हीच गोष्ट फळी आणि चॅनल जिथे टेकतात तिथेही घडते, म्हणून प्लायवूड बसवतानाच मध्ये प्लास्टिकची पट्टी घालावी.