ग्रॅव्हल सायकलिंग

डांबर किंवा काँक्रीट नसलेल्या, पण बैलगाडी, ट्रॅक्टर वा जीप जाऊ शकेल इतपत घडवलेल्या रस्त्यांवरून सायकलने लांब पल्ल्याचा प्रवास करण्याच्या प्रकारास ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात. त्यासाठी वापरली जाणारी सायकल दिसायला रोड सायकलसारखी, म्हणजे खाली वळलेल्या मुठींच्या हँडलची असते; मात्र तिचे टायर रुंद, ब्रेक डिस्कचे आणि गिअर चढाला सोयीचे असतात. वळणावळणाच्या अरुंद, दगडधोंड्यांच्या पायवाटा हे माउंटन बाइकचे क्षेत्र असून ते या नोंदीच्या कक्षेबाहेर आहे. नोंदीत स्थानिक संदर्भ ठाणे जिल्ह्याचे घेतले आहेत.

‘ग्रॅव्हल’साठी मराठीत ‘खडी’ हा प्रतिशब्द सहज सुचतो, परंतु तो दिशाभूल करणारा आहे. भूविज्ञानात ग्रॅव्हल म्हणजे २ मिमी.हून मोठ्या कणांचा सुटा अवसाद. नदीपात्रातील गोटे त्यातच मोडतात. खडी ही क्रशरवर फोडलेली, धारदार कडांची असते. ठाणे जिल्ह्यात ज्या पृष्ठभागावर हा प्रकार सुखाने करता येतो तो यांपैकी कोणताही नसून मुरूम आहे. मुरूम हा बेसाल्ट झिजून तयार झालेला, तांबूस-पिवळसर, दाबला असता घट्ट बसणारा पदार्थ होय. पारंपरिक खडीकरणात खडीचे थर पाणी मारून रोलरने दाबतात व फटी भरण्यासाठी वरून मुरूम पसरतात. दोन-तीन पावसाळ्यांत वरचा मुरूम वाहून गेला की खालची खडी दात काढून उघडी पडते, आणि सायकलस्वाराच्या दृष्टीने तो रस्ता तेव्हा सर्वांत वाईट अवस्थेत असतो. नावात खडी सुचवणारा हा प्रकार खडी झाकलेली असतानाच उत्तम होतो, ही विसंगती ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या प्रकाराच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार त्याचा जन्म अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात झाला. १७८५ पासून झालेल्या जमीनमोजणीमुळे तेथे एक-एक मैलाच्या चौकटीत सरळ रस्ते आखले गेले आणि त्यांतील बरेचसे आजही भरडलेल्या चुनखडकाचे आहेत. या रस्त्यांवर २००५ मध्ये ‘ट्रान्स आयोवा’ आणि २००६ मध्ये कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे सुमारे २०० मैलांची (३२२ किमी.) शर्यत सुरू झाली, ही दुसरी शर्यत आता ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावाने ओळखली जाते. दुसरे मत युरोपकडे बोट दाखवते. इंग्लंडमध्ये १९५५ साली लेमिन्स्टर येथे ‘रफ स्टफ फेलोशिप’ स्थापन झाली होती आणि तिचे सभासद साध्या प्रवासी सायकली घेऊन डोंगरवाटा पालथ्या घालत. इटलीतील तस्कनीच्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर १९९७ मध्ये जुन्या सायकलींचा ‘लेरोइका’ हा उपक्रम आणि २००७ मध्ये व्यावसायिक स्वारांची, पुढे ‘स्त्रादे ब्यांके’ या नावाने रूढ झालेली शर्यत सुरू झाली. हिवाळ्यात चिखलातून धावणाऱ्या सायक्लोक्रॉसला जनक मानणारेही आहेत. तथापि सायक्लोक्रॉसची शर्यत साधारण तासाभराची असते, जागोजागी सायकल खांद्यावर घ्यावी लागते आणि टायरच्या रुंदीवर ३३ मिमी.ची मर्यादा असते, त्यामुळे ते नाते दूरचे वाटते.

वस्तुतः १९०३ च्या पहिल्या ‘टूर द फ्रान्स’चे रस्तेही बव्हंशी डांबराविनाच होते; त्या काळी सर्व सायकलिंग या अर्थाने ‘ग्रॅव्हल’च होते. म्हणून कृती जुनी, तिचे नाव व शर्यतींचे स्वरूप प्रामुख्याने अमेरिकी, आणि खास बांधणीची सायकल साधारणपणे २०१० नंतरची, असे टप्पे पाडणे अधिक युक्त दिसते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीतील व्हेनेतो प्रांतात घेतली. पुरुषांत बेल्जियमचा जियानी व्हर्मिर्श आणि महिलांत फ्रान्सची पोलीन फेराँ-प्रेव्हो विजेते ठरले.

सायकलीच्या बांधणीत निर्णायक भाग टायरचा आहे. त्याची रुंदी सामान्यतः ३५ ते ५० मिमी. असते. रोड सायकलच्या २५ मिमी. टायरमध्ये ९० पीएसआयच्या आसपास हवा भरतात, तर ४० मिमी. टायरला मध्यम वजनाच्या स्वारासाठी ३० ते ४० पीएसआय पुरते. हवा कमी असली की टायर खड्यावर आपटून उसळण्याऐवजी त्याभोवती दबतो. पकड वाढते आणि हाताला बसणारे हादरे घटतात. ट्यूब असेल तर फार कमी हवेत ती रिम आणि दगड यांच्यात चिमटून तिला जोडीने दोन छिद्रे पडतात. त्यामुळे ट्यूबविरहित टायरमध्ये छिद्र आपोआप बुजवणारा पातळ चीक घालण्याची पद्धत रूढ झाली असून बाभळीच्या काट्यावर तो उपाय बऱ्यापैकी लागू पडतो. या सायकलींचा व्हॉल्व्ह बारीक, फ्रेंच पद्धतीचा असतो. गावातील पंक्चरवाल्याच्या पंपाला तो बसत नाही, म्हणून नखाएवढा पितळी अडॅप्टर जवळ बाळगावा लागतो. तो विसरल्यास बाकी सर्व सामग्री असूनही स्वार अडकून पडतो.

डोंगराळ मुलखाखेरीज या सायकलींचे दुसरे मोठे क्षेत्र म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूपांतरित मार्ग. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील एलरॉय-स्पार्टा मार्ग (१९६७) हा बहुधा या प्रकारातील पहिला मानला जातो. मिसूरीतील केटी मार्ग सुमारे ३८६ किमी. लांबीचा आहे. न्यूझीलंडमधील १५२ किमी.चा ओटागो सेंट्रल मार्ग २००० मध्ये खुला झाला. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसल्याने रेल्वेमार्ग सहसा एक-दोन टक्के चढाने, डोंगर खोदून वा दऱ्या भरून आखलेले असतात आणि तोच गुण पुढे सायकलच्या कामी येतो. रूळ काढले म्हणजे मार्ग तयार झाला, असे मात्र होत नाही. रुळांखालची खडी स्लीपर जागेवर राहावेत म्हणून मुद्दाम मोठी व धारदार निवडलेली असते. तिच्यात चाक रुतते. ती काढून किंवा झाकून वर बारीक भरडलेला चुनखडक भुकटीसह दाबून बसवावा लागतो.

ठाण्याच्या संदर्भात या विषयाला वेगळे वळण मिळते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली भारतातील पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली. परंतु येथील लोहमार्ग उपनगरी वाहतुकीने इतके व्यापलेले आहेत की टाकून दिलेला मार्ग हाती लागत नाही. १९१६ मध्ये पारसिक बोगदा झाल्यावरही डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून जाणारा जुना मार्ग वापरात राहिला. त्यातल्या त्यात जवळचे उदाहरण बोरघाटातील उलटफेरीच्या स्थानकाचे आहे. १ : ३७ चढाच्या या घाटात गाडीची दिशा बदलण्यासाठी बांधलेले ते स्थानक १९२९ मध्ये नव्या आखणीमुळे निरुपयोगी झाले, पण ते जिल्ह्याबाहेर, खंडाळ्याजवळ आहे आणि तेथे सायकलमार्ग झालेला नाही.

त्यामुळे ठाणे व नवी मुंबईतील स्वार पूर्वेकडे, शहापूर, मुरबाड आणि अंबरनाथ तालुक्यांकडे वळतात. माहुलीचा पायथा, भातसा व बारवी धरणांचा परिसर आणि पाड्यांना जोडणारे गाडीरस्ते हे त्यांचे प्रदेश होत. नवी मुंबईकर पनवेलमागे माथेरानच्या पायथ्याकडे जातात. अशा गाडीरस्त्यावर चाकांनी पडलेल्या दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवताचा पट्टा असतो. (‘चाकोरी’ आता बहुधा लाक्षणिक अर्थानेच उरली आहे, येथे ती मूळ अर्थाने घ्यावी.) चढताना चाकोरीतील दाबलेला मुरूम सोयीचा पडतो. उतरताना मात्र तिच्यातच पाण्याने वाहून आणलेले सुटे गोटे साठलेले असतात, तेव्हा जाणते स्वार गवताच्या पट्ट्यावर येतात. ग्रामस्थांच्या दृष्टीने असा रस्ता ही एक तक्रार असते. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेसारख्या (२०००) कार्यक्रमांमुळे त्यांचे डांबरीकरण होत आले आहे आणि त्याबद्दल स्वारांनी हळहळण्याचे कारण नाही.

येऊरचे जंगल ठाण्याला सर्वांत जवळचे असले तरी ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते. तेथील वनवाटांवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीविना प्रवेश करता येत नाही. उर्वरित प्रदेशात भातकापणी उरकून वाटा वाळल्यापासून होळीपर्यंतचा काळ सोयीचा असतो. पावसाळ्यात भिजलेली माती टायर आणि फ्रेम यांच्यामधल्या बोटभर जागेत गच्च बसते, चाक फिरेनासे होते आणि सायकल उचलून बांधावरून चालावे लागते.