पाटी नसलेला संगणक

पुण्याच्या जुन्या बाजारात, रेडिओच्या सुट्या भागांच्या ढिगात मला एक बोर्ड सापडला. वहीच्या पानाएवढा. त्यावर चाळीस पायांची एक आयसी (इलेक्ट्रॉनिक चिप), सोळा-वीस बटणं, सहा आकडी लाल डिस्प्ले आणि मागच्या बाजूला हिरवट पडलेले तांब्याचे ट्रॅक, म्हणजे वीज वाहणाऱ्या रेघा. कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही, अनुक्रमांक नाही. विकणारा म्हणाला, "टीव्हीचा असेल, साहेब." टीव्हीचा नव्हता. कुणीतरी हातानं जोडलेला तो एक पूर्ण संगणक होता.

असे संगणक ओळखणं हे नाणी किंवा शिलालेख वाचण्यासारखं काम आहे. कारखान्यात बनलेल्या यंत्रावर पाटी असते. घरी जोडलेल्या यंत्रावर फक्त खुणा असतात, आणि त्या बहुतेक वेळा कुणी वाचायच्या आतच भंगारात जातात.

या प्रकाराचं एक जुनं उदाहरण अमेरिकेतलं. जुलै १९७४च्या 'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स' मासिकात जोनाथन टायटस यांचा 'मार्क-८' हा घरी जोडायचा संगणक मुखपृष्ठावर झळकला. टायटस तेव्हा व्हर्जिनिया टेकमध्ये रसायनशास्त्राचे विद्यार्थी होते. वाचकाला मिळायची ५ डॉलरची पुस्तिका, आणि हवे असल्यास सहा छापील बोर्डांचा संच. आयसी, ट्रान्सफॉर्मर, खटके, डबा हे सगळं ज्याचं त्यानं जमवायचं. पुढे जानेवारी १९७५च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'मध्ये 'अल्टेअर ८८००' हा संगणक आला. त्याचं किट डब्यासकट यायचं, त्यामुळे अल्टेअर दुरूनही ओळखू येतो. मार्क-८चं तसं नाही. कुणी तो लाकडी पेटीत बसवला, कुणी पत्र्याच्या डब्यात, कुणी उघडाच ठेवला. बाहेरून बघून दोन मार्क-८ एकाच जातीचे आहेत हे सांगता येणार नाही.

मग ओळखायचं कशावरून? आधी प्रोसेसरचे पाय मोजायचे. मार्क-८मधल्या इंटेल ८००८ला फक्त १८ पाय आहेत. पत्ता आणि माहिती दोन्ही त्याच आठ तारांवरून आळीपाळीनं जातात, म्हणून त्याच्याभोवती ती वेगळी करून धरून ठेवणाऱ्या छोट्या आयसींची गर्दी लागते. १८ पायांची एक आयसी आणि भोवती चौदा-सोळा पायांच्या आयसींच्या रांगा दिसल्या, की काळजाचा ठोका चुकावा! दुसरी खूण सोल्डरची. मार्क-८च्या बोर्डांना दोन्ही बाजूंनी ट्रॅक होते, पण भोकांच्या आतून तांब्याचा मुलामा नव्हता. त्यामुळे जोडणाऱ्याला एकच पाय वरूनही आणि खालूनही सोल्डर करावा लागे. आयसीच्या अंगाखाली, वरच्या बाजूला हातानं दिलेले सोल्डरचे थेंब दिसणं ही त्या बोर्डाची जवळजवळ सहीच.

माझ्या बोर्डावर चाळीस पायांची ८०८५ ही प्रोसेसरची आयसी होती, म्हणजे १९७६नंतरचा काळ. शेजारच्या चकचकीत डबीवर, म्हणजे प्रोसेसरला ठोके देणाऱ्या क्रिस्टलवर, ६.१४४ (मेगाहर्ट्झ) लिहिलेलं. क्रिस्टल हा बोर्डाचा सर्वांत बोलका भाग असतो असं माझं मत आहे. ८०८५ आत येणाऱ्या ठोक्यांना दोननं भागतो, म्हणजे ३.०७२ मेगाहर्ट्झ. हा विचित्र आकडा कशाला? कारण त्याला ९६००नं भागलं की बरोबर ३२० येतात, बाकी उरत नाही. सेकंदाला ९६०० बिट या ठरलेल्या वेगानं टर्मिनलशी, म्हणजे जोडलेल्या कीबोर्ड-पडद्याशी, बोलायचं तर असा आकडा सोयीचा. ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल दिसलं, तर त्या यंत्राचा धागा अमेरिकी रंगीत टीव्हीच्या पद्धतीशी जुळतो. ४.४३३६१९ असेल तर युरोपात आणि आपल्याकडे पूर्वी चालणाऱ्या रंगीत टीव्हीच्या पाल पद्धतीशी.

यानंतर भिंग घेऊन तारखा वाचायच्या. बहुतेक कंपन्या आयसीवर चार आकडे छापत: पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ८४४७ म्हणजे १९८४चा सत्तेचाळिसावा आठवडा, नोव्हेंबर. इथे एक फसगत हमखास होते. ७४०४ हे एका अतिशय प्रचलित आयसीचं नाव आहे, आणि १९७४चा चौथा आठवडाही ७४०४ असाच लिहिला जातो. ७४७४ मात्र तारीख असूच शकत नाही, कारण वर्षाला चौऱ्याहत्तर आठवडे नसतात. त्यामुळे एकाच आयसीवरचे दोन्ही आकडे वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

माझ्या बोर्डावरच्या सोल्डर केलेल्या आयसींमध्ये सर्वांत उशिराची तारीख ८४४७ निघाली. बोर्ड त्याआधी बनला असणं शक्य नाही. नंतर कधी, हे तारीख सांगत नाही. सॉकेटमध्ये, म्हणजे आयसी काढता-घालता येणाऱ्या बैठकीत, बसवलेल्या दोन २११४ मेमरी आयसींपैकी एकीवर मात्र ८९०३ होतं, आणि तिच्या सॉकेटच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरचे ओरखडे होते. म्हणजे १९८९मध्ये किंवा त्यानंतर कुणीतरी जळलेली मेमरी उपसून नवी बसवली होती. बिघडल्यानंतरही तो संगणक कुणाला तरी चालू हवा होता! हे कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या ओरखड्यांकडे बघत बसलो.

आज जुन्या किटच्या नकला नव्यानं बनतात. शिकायला त्या उत्तमच, पण अस्सल म्हणून विकल्या जातात तेव्हा पाहणाऱ्याचा कस लागतो. आयसीवरचा छाप घासून नवी तारीखही छापता येते. अशा वेळी पायांकडे बघावं. सत्तरच्या दशकातल्या पुष्कळ आयसींच्या पायांना चांदीचा मुलामा असे. हवेतल्या गंधकामुळे चांदीचे पैंजण काळे पडतात, तसेच हे पायही पडतात. पन्नास वर्षांच्या आयसीचे असे पाय एकसारखे लखलखीत असतील तर विचारपूस करावी.

ट्रॅकही बोलतात. घरी बोर्ड बनवणारा तांब्याच्या पत्र्यावर रंगानं किंवा चिकटपट्टीनं रेघा काढायचा आणि उरलेलं तांबं फेरिक क्लोराईडमध्ये विरघळवायचा. त्या रेघा वळणावर गोलसर होतात, कुठे जाड कुठे बारीक. संगणकावर आखलेल्या बोर्डावर त्या ताठ, पंचेचाळीस अंशांत वळणाऱ्या असतात. माझ्या बोर्डावर दोन समांतर ट्रॅकच्या मध्ये ब्लेडनं खरवडल्याची बारीक रेघ आहे. तिथे ते एकमेकांना चिकटले असणार, आणि कुणीतरी रात्री दिव्याखाली ती चूक शोधून काढली असणार.

ज्यांनी डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला '८०८५चं किट' वापरलं आहे, त्यांना हा बोर्ड लगेच ओळखीचा वाटेल. डाव्या चार आकड्यांत पत्ता, उजव्या दोनांत माहिती, खाली सोळा आकडी कीबोर्ड. लॅबमध्ये चौघांत मिळून एक किट यायचं. माझा अंदाज आहे की कुणीतरी घरी न्यायला स्वतःचं बनवलं.

असा बोर्ड हाती आला तर कृपा करून लगेच वीज जोडू नका. जुने कपॅसिटर शॉर्ट झालेले असू शकतात. ८०८० प्रोसेसर किंवा २७०८ ईपीरॉम (प्रोग्राम साठवणारी, पुसून पुन्हा लिहिता येणारी आयसी) असेल तर त्याला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, आणि एक चुकलं तर आयसी जाते. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पुसू नका, घासू नका. आणि ईपीरॉमवरचा कागदी स्टिकर तर मुळीच काढू नका. त्याखाली काचेची खिडकी असते. तिच्यातून अतिनील प्रकाश आत गेला की साठलेला विद्युतभार निसटतो आणि प्रोग्राम पुसला जातो. इंटेलच्या माहितीपत्रकानुसार २७१६ ही ईपीरॉम थेट उन्हात साधारण आठवड्याभरात आणि खोलीतल्या ट्यूबलाइटखाली साधारण तीन वर्षांत कोरी होऊ शकते.

माझ्या बोर्डावरच्या २७१६वर शाळेच्या वहीचं लेबल कापून चिकटवलेलं आहे. निळ्या बॉलपेननं लिहिलंय: 'मॉनिटर ३. आधीचे दोन पुसले.' इथे मॉनिटर म्हणजे पडदा नव्हे, तर बटणं आणि डिस्प्ले चालवणारा मूळ प्रोग्राम. म्हणजे आतला प्रोग्राम नुसता उतरवून घेतलेला नाही, तो बदलत गेलेला आहे. पुढच्या आठवड्यात ती आयसी सॉकेटमधून अलगद काढून, लेबल तसंच ठेवून, आतले २०४८ बाइट वाचून घेणार आहे.