चप्पल निसटते, ते कळतं का?

न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे, पहिल्यांदा गेलेला पेशंट खुर्चीत बसायच्या आत एमआरआयची फिल्म पुढे करतो. डॉक्टर ती बाजूला ठेवून विचारतात, "चालताना पायातली चप्पल निसटते का? निसटली की कळतं?"

प्रश्न विचित्र वाटतो, पण त्यात बरीच तपासणी उरकलेली असते. चप्पल निसटतेय हे कळतं, पण बोटांनी धरून ठेवता येत नाही, म्हणजे स्नायूंची ताकद कमी झाली असावी. दोन पावलं अनवाणी गेल्यावर, तेही कोणी सांगितल्यावर कळलं, तर पायाच्या संवेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या वाटेत कुठेतरी बिघाड असण्याची शक्यता जास्त.

म्हणून फाइलीच्या आधी शब्दांची तयारी करावी. "चक्कर येते" एवढ्यावर कोणताच डॉक्टर फार पुढे जाऊ शकत नाही. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते? मग रक्तदाबाकडे बघावं लागेल. कुशीवर वळताच खोली गरगरते आणि मिनिटभरात थांबते? आतल्या कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून भलत्या नळीत शिरले असतील. डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते पुन्हा जागेवर आणता येतात. की डोकं शांत आहे, पण बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो? मग गोष्ट पुन्हा पायाच्या संवेदनांवर येते आणि रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासावं लागतं. "हात जड पडलाय" याचंही तसंच. मुंग्या येतात, बधिर झालाय, की शर्टाचं बटण लागत नाही? आपण घरी बोलतो तेच शब्द वापरावेत. "मला व्हर्टिगो आहे" किंवा "मानेच्या मणक्याचं आहे" हे तयार निदान सांगितलं, की खरी हकीकत मागे पडते.

फिटचा संशय असेल तर पेशंटला स्वतःला बहुधा काहीच आठवत नाही. तेव्हा ज्याने त्या वेळी नाकाशी कांदा धरला होता, त्यालाच सोबत न्यावं. (कांद्याचा उपयोग शून्य, साक्षीदाराचा मोठा.) डोळे उघडे होते की मिटलेले, झटके एका बाजूने सुरू झाले का, किती मिनिटं चालले, माणसं ओळखायला किती वेळ लागला, हे त्यानेच सांगायचं. मोबाइलवर व्हिडिओ असेल तर उत्तमच. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, नॉर्मल आला म्हणून एपिलेप्सी (फिटचा आजार) नाही असं ठरत नाही. ईईजीच्या दिवशी मात्र केस धुऊन, तेल न लावता जावं.

औषधांच्या पट्ट्याच पिशवीत घालून न्याव्यात. "बीपीची छोटी पांढरी गोळी" या वर्णनात शेकडो गोळ्या बसतात. चक्करेवरचं सिनारिझिन, ॲसिडिटीच्या काही गोळ्यांमधलं लेव्होसल्पिराइड यांमुळे ज्येष्ठांमध्ये पार्किन्सनसारखा कंप आणि मंदपणा येऊ शकतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, दाखवावी.

तोंड अचानक वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नसते. हा पक्षाघात असू शकतो, आणि मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येतं, त्यामुळे थेट इमर्जन्सी गाठायची.

एरवी पायजमा सैल असू द्या. गुडघ्यावर हातोडी बसणार आहे, आणि मग तळव्यावरून किल्ली ओढून अंगठा वर जातो की खाली, हे डॉक्टर बघणार. फ्रेंच न्यूरॉलॉजिस्ट बाबिन्स्कींनी १८९६ मध्ये सांगितलेली ही खूण आजही रोज वापरात आहे.